माझा डावखुरा हॉलम

डोक्यावर जे काही केस उरले आहेत त्यांचा भांग मी उजवीकडे पाडतो. पुरुषमाणसाचा भांग साधारण डावीकडे असतो, हे मला ठाऊक आहे; कुणी सांगायची गरज नाही. तरी लखनौच्या चिनहट भागातला माझा सलूनवाला दर वेळी कंगवा हवेत धरून विचारतो, "अंकल, माँग इधर से ही निकालूँ?" आणि मी दर वेळी "हाँ, इधर से ही" म्हणतो, जणू ती आमच्या घराण्याची रीतच आहे. घराण्याची रीत म्हणावी असं आमच्याकडे फारसं काही नाही. आजोबा भुसावळला इंजिनात कोळसा टाकायचे, वडील रेल्वेत मेकॅनिक, आणि कॉलेजची पायरी चढलेला पहिला बोंडे मी. दारावरच्या पाटीवर 'प्रभाकर बोंडे, बी.ए.' असं अजून आहे. मुलगा म्हणतो, पापा, आजकल ऐसा कोई नहीं लिखता. न लिहू देत. ज्यांच्या घरात पदव्या ढिगाने पडल्या आहेत त्यांनी खुशाल लिहू नये. आमच्याकडे होती ती एकच, आणि ती कशी मिळाली हे सांगायचं तर भांगापासूनच सुरुवात करावी लागते, कारण भांग आणि पदवी दोन्ही मला एकाच माणसापायी मिळाले. तो हॉलिवूडच्या जुन्या जमान्यातला नट होता. नाव लेस्टर हॉलम.

आम्ही लखनौतल्याच मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहायचो. वडिलांना आम्ही आप्पा म्हणत असू. त्यांचं काम असं, की रेल्वेच्या डब्याखालचा लोखंडी सांगाडा यंत्रावर चढवायचा, तो दिवसभर हादरवायचा आणि तडा कुठे जातो ते बघायचं. ते हादरे आमच्या क्वार्टरपर्यंत यायचे. मांडणीवरचे पेले किणकिणायला लागले की आई म्हणायची, "लागले तुझे आप्पा कामाला." किणकिण थांबली की ती सिगडीवर वांगं ठेवायची. इथल्या वांग्याला पाणीच फार, भरताला चव नाही, अशी तिची तक्रार शेवटपर्यंत होती. भुसावळहून कुणी येणार असलं की त्याच्या पिशवीत कपड्यांपेक्षा वांगी जास्त असायची, आणि ती भाजायला लागली की शेजारच्या शुक्लाचाची दारात येऊन विचारायच्या, "बोंडे की बहू, कुछ जल रहा है क्या?" मग त्यांनाही वाटीभर भरीत जायचं, आणि वाटीत परत कधी कढी, कधी अरबीची सब्जी यायची. मी हे आत्ता लिहितानासुद्धा 'सब्जी' लिहून गेलो. कॉलनीतल्या मराठी अधिकाऱ्यांच्या घरी हा शब्द निघाला की बायका एकमेकींकडे बघून गोड हसायच्या. त्यांची मराठी पुण्याची, धुतलेली. आमची भुसावळची, आणि वर लखनौची धूळ.

महिन्यातून एकदा शनिवारी इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबच्या, मैदानात पिक्चर असायचा. एका महिन्यात हिंदी, पुढच्या महिन्यात इंग्रजी. इंग्रजी रिळं पुरवणाऱ्याकडे हॉलमच्या पिक्चरांचा गठ्ठाच धूळ खात पडलेला असावा, कारण इंग्रजी म्हटलं की तोच यायचा. दोन खांबांमध्ये कापडी पडदा ताणायचे. पडद्यापुढे लोखंडी खुर्च्या: आधी साहेब, मग त्यांच्या घरची माणसं, मग बाबू लोक. पडद्यामागे सतरंज्या आणि चटया घेऊन आम्ही. असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. पुढे गेलो असतो तर कुणी हाकललं नसतं. पण कुणी जायचं नाही. "मागे वारा लागतो," आप्पा म्हणायचे, आणि विषय संपायचा. कापड पातळ, त्यामुळे चित्र मागेही उमटायचं. आमच्या बाजूने ते जरा ठळक दिसावं म्हणून सुरू होण्याआधी पडद्यावर बादलीभर पाणी मारायचे. ओल्या कापडाचा तो वास आजही कुठे आला की मला वाटतं, आता हॉलम येणार.

मागून बघितल्यामुळे अक्षरं अर्थातच उलटी दिसायची. मी ती उलटीच वाचायला शिकलो. शुक्लाचाचा, म्हणजे आप्पांचे वर्कशॉपातले जोडीदार, मला कोपराने ढोसून विचारायचे, "पढ़ के बता, कौन कौन है इसमें," आणि मी उजवीकडून डावीकडे, उर्दू वाचावी तशी, सगळी नावं खडाखडा वाचून दाखवायचो. मागच्या बाजूला माझा तेवढा मान होता. आता कुणीही विचारील, की बाबा रे, अक्षरं उलटी दिसतात हे कळत होतं, तर माणूसही उलटा दिसत असणार हे कळलं नाही? नाही कळलं. अक्षरं ही छापायची गोष्ट, ती उलटी होऊ शकतात. माणूस कसा उलटा होईल? आणि हे मी बालवाडीत असतानाचं सांगत नाहीये. हॉलमची मला बाधा झाली तेव्हा मी इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो.

हॉलम उंच होता. डोक्यावर फेल्ट हॅट, गालावर एक जुना व्रण, आणि हसला तर तोंडाची एकच बाजू हसायची. त्याच्या जवळपास प्रत्येक पिक्चरच्या शेवटी तो ज्यांचं भलं केलं त्यांच्याकडे वळून हॅट किंचित उचलायचा आणि चालू लागायचा. आणि दर वेळी, सतरंजीवर मांडी घालून बसलेले आमचे आप्पा मान लववून तो सलाम घ्यायचे. पहिल्यांदा मला वाटलं डास असेल. पण नाही, ते नेमकं तेव्हाच व्हायचं. आई म्हणाली, "त्यांना सवय नाही रे. कुणी टोपी काढली तर उत्तर द्यावं लागतं असं वाटतं त्यांना."

मला हॉलम व्हायचं होतं. अभिनय करायचा नव्हता, नुसतं व्हायचं होतं. तेव्हा पहिला भांग गेला उजवीकडे. मग हात. माझा हॉलम डावखुरा होता: पिस्तूल डाव्या हाताने, सिगरेट डाव्या, हॅट डाव्या. मीही सगळं डाव्याने करायला लागलो. सायकलची घंटी, चहाचा पेला, खिशातला रुमाल. कॉलेजात एका प्राध्यापकांनी शाबासकी देऊन हात पुढे केला तर मी डावा दिला; ते बिचारे बराच वेळ माझ्या उजव्या हाताकडे काळजीने बघत होते. एकदा जेवताना डावा हात ताटाकडे गेला, तेव्हा आईने उलथन्याने त्यावर असा फटका दिला की तेवढ्या बाबतीत मी उजवाच राहिलो. ती कॉलनीतल्या बायकांची ब्लाउज शिवायची, त्यामुळे तिचं लक्ष भलत्याच गोष्टीकडे. एका पिक्चरनंतर म्हणाली, "प्रभ्या, तुझ्या त्या टोपीवाल्याच्या कोटाची बटणं बायकांसारखी का रे लागतात? उलट्या बाजूला?"

"अमेरिकेत तशीच पद्धत आहे," मी सांगितलं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला अमेरिकेबद्दल माहीत नाही असं काही नसतं.

"अच्छा," ती म्हणाली. एवढ्यावर सावरायची संधी होती. दुसरी संधी रविवारच्या नक्खास बाजारात आली. जुन्या सामानाच्या ढिगात मला इंग्रजी सिनेमासिकांचा एक फाटका गठ्ठा सापडला, आणि एका अंकात हॉलमचा लांबलचक जीवनवृत्तान्त, फोटोसकट. फोटोत गालावरचा व्रण उजव्या गालावर. मी जन्मभर बघत आलो तो डाव्या गालावर. कुणीही शहाणा माणूस इथे थबकला असता. मी थबकलो, विचार केला, आणि या निष्कर्षाला आलो की छापखानेवाल्याने ठोकळा उलटा छापला आहे. अमेरिकेतल्या मासिकाची चूक आपण लखनौत बसून पकडली, या आनंदात मला त्या रात्री भाकरी दोन जास्त गेल्या.

त्या मासिकातलं हॉलमचं आयुष्य मी रोज जेवताना आप्पांना सांगायचो. ते शेवभाजीत भाकरी कुस्करत ऐकायचे आणि सगळं रेल्वेत बसवून घ्यायचे. हॉलमचा बाप रेल्वेत रूळ बदलणारा पॉइंट्समन होता म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. पोरगा घरातून पळाला, नाटकाच्या थेटरात झाडू मारायला लागला, मग मूकपटांत गर्दीतला माणूस म्हणून उभा राहायला लागला. एकाच पिक्चरमध्ये टोप्या बदलून तो तीनदा मेला होता.

"म्हणजे कॅज्युअल लेबर," आप्पा म्हणाले.

"मग स्टुडिओनं त्याला करारावर घेतलं. सात वर्षांचा करार. दर आठवड्याला पगार, काम असो नसो. पिक्चर कुठलं करायचं ते तो नाही ठरवायचा, स्टुडिओ ठरवणार."

"पर्मनंट झाला."

"नावही स्टुडिओनंच बदललं. आणि मधेमधे दुसऱ्या स्टुडिओला उसना द्यायचे त्याला."

"डेप्युटेशन."

"एकदा त्यानं एक भूमिका नको म्हणून सांगितलं, तर पगार बंद करून घरी बसवला. आणि तेवढे दिवस करार पुढे वाढवला."

आप्पांचा घास थांबला. "सस्पेंड? एवढ्या मोठ्या माणसाला?" आणि जरा वेळाने, पाणी पिऊन झाल्यावर, "चार्जशीट तरी दिली असेल ना रे?" त्या दिवसापासून हॉलम आमच्या घरचाच झाला. पुढे तो म्हातारा होत गेला, नायक होता तो नायिकेचा बाप झाला, बापाचा आजोबा झाला, आणि शेवटच्या पिक्चरमध्ये तर त्याला एकच प्रसंग होता, दार उघडायचं आणि बाजूला व्हायचं, हे मी सांगितलं तेव्हा आप्पांनी ताट बाजूला सारलं. उठून हात धुवायला गेले.

पण हॉलम कितीही घरचा झाला तरी माझं काय करायचं हा प्रश्न होताच. मला अप्रेंटिस लावायचं असं आप्पांचं मॅट्रिकपासून ठरलेलं होतं. हातात हुनर पाहिजे. इंग्रजीच्या गोष्टी वाचून डबा चालत नाही. रडून-भांडून मी एक वर्ष मागून घेतलं होतं, आणि दसऱ्यानंतर वर्कशॉपात नवे अप्रेंटिस घेणार होते. आप्पांचा स्वतःच्या अकलेवर भरवसा नव्हता असं नाही, पण कॉलेज ही गोष्ट त्यांच्या यंत्रावर चढवता येत नव्हती. म्हणून त्यांनी ठरवलं, केतकरसाहेबांना विचारायचं. केतकरसाहेब मोठे इंजिनिअर, अमेरिकेत ट्रेनिंग घेऊन आलेले, आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. गणपतीत मंडळात रोज संध्याकाळी कुणाचं तरी व्याख्यान असायचं. साहेब आप्पांना म्हणाले, "बोंडे, तुमचा मुलगा कॉलेजात आहे ना? बोलू दे एक दिवस. बघू तर."

आप्पा घरी येऊन म्हणाले, "तू बोल. साहेब ऐकतील, मंग मी त्यांना विचारीन. शिकव म्हणाले तर शिकवीन. नाही म्हणाले तर दसऱ्यानंतर माझ्यासंगं यायचं. मान्य?"

मी मान्य केलं, कारण हॉलमविषयी माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? कॉलनीच्या हॉलबाहेर फळ्यावर केतकरबाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'आरती. त्यानंतर व्याख्यान: लेस्टर हॉलम, जीवन आणि कार्य. त्यानंतर प्रसाद.' मला बघून त्या म्हणाल्या, "हे कोण रे? मिशनरी होते का?" मी डावीकडून हसलो.

हॉल भरला होता. पुढे अधिकारी मंडळी, संशोधन संस्थांतले शास्त्रज्ञ, त्यांच्या रेशमी साड्यांतल्या बायका. शेवटच्या रांगेत आप्पा, इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून, फोटोला बसल्यासारखे. शेजारी आई, आणि शुक्लाचाचा, ज्यांना मराठी कळत नव्हती पण मोदक कळत होते. मी बोलायला लागलो, आणि स्वतःची स्तुती करायची तर चांगलं बोललो. झाडू मारणारा हॉलम, तीनदा मरणारा हॉलम, सस्पेंड झालेला हॉलम. पुढच्या रांगेतल्या बायका ऐकत होत्या. तिथेच थांबलो असतो तर ही गोष्ट सांगावी लागली नसती. पण मला माझं संशोधन मांडायचं होतं. मी सांगितलं की हॉलमच्या मोठेपणाचं रहस्य त्याच्या डाव्या हातात आहे. शाळेत मास्तरांनी त्या हातावर छड्या मारल्या असतील, तरी त्याने तो सोडला नाही. (हे मासिकात नव्हतं, हे मी उलथन्यावरून बेतलं होतं.) एवढ्या मोठ्या मासिकाने त्याचा फोटो उलटा छापला आणि अमेरिकेत कुणाच्या लक्षात आलं नाही, हेही सांगितलं. आणि शेवटी अमेरिका व भारत हे देश मनाने किती जवळ आहेत हे पटवायला म्हणालो, "तिथेसुद्धा गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात."

केतकरसाहेबांनी हात वर केला. शांतपणे म्हणाले, "प्रभाकर, अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात. मी स्वतः चालवली आहे."

मी काय म्हणालो ते मला लिहवत नाही, पण लिहितो. मी म्हणालो, "साहेब, तो बदल नंतर झाला असेल."

हॉलमध्ये खसखस पिकली. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "आणि हॉलम डावखुरा नाही. इथले सगळे पिक्चर मी पाहिलेत. उजवा आहे तो. चांगला उजवा."

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून शुक्लाचाचा उठले. 'हॉलम' आणि 'डावा' एवढं त्यांना कळलं असावं. "साहब, माफ करिएगा, लड़का ठीक कह रहा है. हम भी बरसों से देख रहे हैं. बाएँ से ही चलाता है पिस्तौल."

"राइट हँड, शुक्लाजी."

"नहीं साहब, बायाँ. बोंडे से पूछ लीजिए."

सगळ्या माना आप्पांकडे वळल्या. आप्पांनी गुडघ्यांवरचे हात उचलले, डावा हात थोडा पुढे केला, म्हणजे 'बायाँ' असं, आणि परत ठेवला. आणि मी, आता कोणता पुरावा द्यावा म्हणून वर बघितलं. स्टेजच्या कपाळावर मंडळाचा कापडी फलक बांधला होता. प्रेक्षकांच्या बाजूने त्यावर दिव्यांची माळ. मी होतो त्याच्या मागे. उजेड कापडातून आरपार येत होता, आणि 'महाराष्ट्र मंडळ' ही अक्षरं मला उलटी दिसत होती. मी ती सवयीने झरकन वाचली. आणि वाचता वाचता माझ्या डोक्यात एकामागून एक सगळं सरळ व्हायला लागलं: व्रण, बटणं, गाड्या, पिस्तूल. भांग.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. "तू पाहिलंस म्हणतोस ते कुठून पाहिलंस?"

"मागून," मी म्हणालो. "आम्ही पडद्याच्या मागे बसतो, साहेब. तिकडून तो डावखुराच दिसतो."

मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि सगळा हॉल हसायला लागला. केतकरसाहेबांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. दुष्ट हसू नव्हतं ते. मीसुद्धा हसलो, आणि आज तर जास्तच हसतो. पण हसता हसता मागे बघितलं तर आप्पा उठले होते. प्रसादाला न थांबता ते दाराशी चपला शोधत होते. आम्ही मागे बसतो हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते मोठ्याने कुणी बोललं नव्हतं.

घरी जाताना आप्पा सायकल हातात धरून पुढे, आम्ही मागे. आई हळूच म्हणाली, "मी बटणांचं म्हटलं होतं." जेवताना आप्पांनी एवढंच सांगितलं, "दसऱ्यानंतर सकाळी लवकर उठायची सवय ठेव." साहेबांना काही विचारायचं उरलंच नव्हतं, असा त्याचा अर्थ मी लावला. मी भांग डावीकडे पाडून बघितला. आरशात कुणी परका माणूस दिसला. परत उजवीकडे पाडला.

पाऊस उघडला आणि इन्स्टिट्यूटच्या पिक्चरचा शनिवार आला. इंग्रजीचा महिना, म्हणजे हॉलम. आदल्या दिवशी आप्पा वर्कशॉपातून आले आणि सायकलला कुलूप लावत म्हणाले, "साहेबांनी तुला पुढे बोलावलंय. त्यांच्या शेजारी खुर्ची ठेवणार आहेत. म्हणाले, एकदा सरळ बघू दे पोराला." आवाज सपाट. मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?" "काय म्हणणार? जा." आणि आत गेले.

मी आप्पांचाच इस्त्रीचा शर्ट घालून पुढे गेलो. लोखंडी खुर्ची गार होती. साहेबांनी पाठीवर हात ठेवला. पिक्चर सुरू झाला, आणि पहिली फजिती अशी, की नावं सरळ आली आणि मला ती वाचताच येईनात. डोळे सवयीने उजवीकडून सुरू करायचे आणि पहिल्या अक्षराशी पोचेपर्यंत पाटी जायची. मग तो आला. उंची तीच, हॅट तीच. पण व्रण भलत्या गालावर, हसू भलत्या बाजूला, भांग चारचौघांसारखा. कुठल्याही ऑफिसात पिस्तूल घेऊन आलेल्या बाबूसारखा तो उजव्या हाताने गोळ्या झाडत होता. "आता दिसतोय ना नीट?" साहेबांनी कानाशी विचारलं. मी "हो साहेब" म्हटलं. खरं तर त्याला मी ओळखत नव्हतो. परवा नातीने मोबाईलवर त्याचा एक पिक्चर शोधून दिला तेव्हाही हेच झालं. "दादू, ये तो राइटी है," ती म्हणाली. ती खोलीतून गेल्यावर मी मोबाईल कपाटाच्या आरशासमोर धरला आणि आरशात बघितलं. तिथे होता तो. बायकोने दारातून हे पाहिलं आणि काही न विचारता चहा ठेवायला गेली. संसार टिकतो तो असा.

तर त्या संध्याकाळी खुर्चीवर माझं लक्ष लागेना. पडदा जमिनीपासून थोडा वर बांधलेला असायचा. त्या फटीतून पलीकडच्या सतरंज्या दिसत होत्या, आईचा स्टीलचा डबा चकाकत होता, आणि त्याच्या बाजूला दोन पावलं. अंगठ्याचं एक नख काळं पडलेलं. कधीकाळी लोखंड पडलं होतं त्यावर. इतकी वर्षं मी त्या पावलांच्या बाजूला बसत होतो आणि पुढच्या लोकांना ती एवढी स्पष्ट दिसत असतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. रीळ बदलायला उजेड झाला तसा मी उठलो. साहेबांना म्हणालो, "येतो जरा," आणि खांबाला वळसा घालून मागे गेलो.

आप्पांनी माझ्याकडे न बघता सतरंजीवर सरकून जागा केली. शुक्लाचाचांनी शेंगदाण्यांचा पुडा पुढे केला. "आ गए साहब?" ते म्हणाले.

आप्पांनी विचारलं, "तिकडून कसा दिसतो?"

"उलटा," मी म्हणालो.

त्यांचे खांदे हलायला लागले. आप्पांना आवाज काढून हसता यायचं नाही. ते असेच हसायचे, यंत्रावर चढवल्यासारखे. बराच वेळ हसले. रीळ सुरू झालं तेव्हा पडद्याकडेच बघत म्हणाले, "साहेबांनी काल मला थांबवून सांगितलं. पोरगा बोलतो छान, पण सगळं चुकीचं बोलतो."

"मग?"

"मंग काय. माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, म्हणून तर कॉलेजात घातलाय, साहेब. सगळं बरोबर येत असतं तर कशाला घातला असता?" त्यांनी एक शेंगदाणा सोलला. "आता बोलून बसलो. साहेबांना दिलेला शब्द आहे."

"आणि अप्रेंटिस?"

"गप बस. बघू दे मला."

आई डब्याचं झाकण उघडून पुरी काढत होती, ती तिने माझ्या हातावर ठेवली. मी ती डाव्या हाताने घेतली. तिने पाहिलं आणि त्या दिवशी काही म्हटलं नाही. पडद्यावर हॉलमचं काम संपत आलं होतं. गावाचं भलं झालं, वाईट माणसं मेली. आमच्या बाजूला वळून त्याने डाव्या हाताने हॅट किंचित उचलली, आणि सतरंजीवर आप्पांनी मान लववून त्याचा सलाम घेतला.